वाटाण्याच्या फुलांचा हिशेब ठेवणारा शिक्षक : ग्रेगर मेंडेल

आमच्या वसतिशाळेच्या तारेच्या कुंपणावर दर पावसाळ्यात गोकर्णाचे वेल चढतात. काहींना गर्द निळी फुले येतात, काहींना पांढरी. खोपोलीच्या पावसाचे वर्णन येथील माणसाला सांगायला नको. श्रावणाची उघडीप सुरू झाली, की घाटाच्या उतारावर तेरडा फुलतो आणि आमच्या कुंपणावर गोकर्ण. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी बुद्धवंदना आटोपून वर्गाकडे जात असता सहावीतील एका विद्यार्थ्याने आम्हांला थांबवून विचारले, की माती एक, पाणी एक, ऊन एक, मग या दोन वेलांची फुले दोन रंगांची का? बीज निराळे म्हणून, असे उत्तर आम्ही दिले. त्यावर त्याने दुसरा प्रश्न केला. बीजातच सारे ठरलेले असेल, तर माणसांचेही तसेच असते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या शिक्षकांनी अधिक चांगले दिले असते. दुसरा प्रश्न मात्र आमच्या जुन्या ओळखीचा होता. आम्ही शाळेत असताना गणितात कमी गुण पडले, तेव्हा एका शिक्षकांनी साऱ्या वर्गासमोर आमच्या जन्माचा उल्लेख करून बुद्धी ही रक्तातूनच यावी लागते असे सांगितले होते. त्या गोष्टीस चाळीसहून अधिक वर्षे लोटली. शब्द अद्याप कानांत आहेत. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, वनस्पतिशास्त्र आमचा विषय नव्हे. तथापि बीजात काय असते आणि काय नसते, हे जगात प्रथम ज्यांनी मोजून दाखविले, ते गृहस्थही पदवीपरीक्षांनी गौरविलेले शास्त्रज्ञ नव्हते. ते आमच्यासारखेच एक शाळामास्तर होते. त्यांचे नाव ग्रेगर मेंडेल. त्या विद्यार्थ्याला द्यावयाचे राहिलेले उत्तर म्हणून त्यांचे चरित्र या स्मरणिकेत सादर करीत आहोत.

मेंडेल यांचा जन्म १८२२ सालच्या जुलै महिन्यात, त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील सिलेशिया प्रांतात, हाइन्झेनडॉर्फ नावाच्या खेड्यात झाला. हा प्रदेश आज चेक प्रजासत्ताकात मोडतो. त्यांचे पाळण्यातील नाव योहान. वडील अँटोन हे लहान शेतकरी होते. घरची जमीन कसायची, आणि आठवड्यातील ३ दिवस जहागीरदाराच्या शेतावर व रानात विनामोबदला राबायचे, अशी त्यांची स्थिती होती. ही वेठ त्यांच्या वाट्याला कोणत्याही अपराधाबद्दल आलेली नव्हती, ती जन्माने आलेली होती. ज्या जिल्ह्यात खोतीचा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसला गेला आणि ज्या समाजाने वतनाच्या नावाखाली गावकीची वेठ वाहिली, तेथील वाचकाला या व्यवस्थेचा निराळा परिचय करून देण्याची गरज नाही. त्या साम्राज्यातील वेठ १८४८ साली कायद्याने संपली. तोपर्यंत योहान २६ वर्षांचे झाले होते.

वडिलांना फळझाडांची आवड होती. गावच्या शाळेतही मुलांना फळबागेचे व मधमाश्या पाळण्याचे काम शिकवीत. योहानची हुशारी पाहून शिक्षकांनी त्याला पुढे शिकवावे असा आग्रह धरला. अकराव्या वर्षी मुलगा घर सोडून परगावी शिकावयास गेला. पुढे ट्रोपाऊ येथील विद्यालयात त्याच्या पूर्ण जेवणाचे पैसे भरणे घरच्यांना जमेना, म्हणून अर्ध्या जेवणाची सोय करण्यात आली. उरलेली भूक घरून गाडीवानाबरोबर येणाऱ्या पाव-लोण्यावर भागवावी लागे. १८३८ साली लाकडाचा ओंडका अंगावर पडून वडील कायमचे अधू झाले. सोळा वर्षांच्या योहानने शिकवण्या करून शिक्षण चालू ठेवले. उपासमार व काळजी यांमुळे तो वरचेवर आजारी पडे. ओल्म्युट्झ येथील पुढील शिक्षणाच्या वेळी धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या रकमेतील वाटा भावाला दिला. हे ऋण मेंडेल विसरले नाहीत. पुढे त्यांनी बहिणीच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला.

१८४३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, योहान ब्रुन शहरातील सेंट थॉमस मठात दाखल झाले. हे शहर आज ब्रनो म्हणून ओळखले जाते. मठात त्यांना ग्रेगर हे नाव मिळाले. धर्मावरील निष्ठेइतकेच पोटाच्या विवंचनेतून सुटका हे या निर्णयाचे कारण होते. सिरिल नाप यांच्यासारखे विद्याप्रेमी मठाधिपती तेथे होते. मठात उत्तम ग्रंथालय होते, वनस्पतींची बाग होती, आणि मठातील अनेक जण शहरातील शाळांत शिकवीत असत. मेंडेल यांना प्रथम रुग्णांच्या सेवेचे काम देण्यात आले. परंतु आजाऱ्यांच्या यातना पाहून ते स्वतःच आजारी पडू लागले. नाप यांनी त्यांना रागावून परत पाठविले नाही. १८४९ साली त्यांना झ्नाइम या गावी बदली शिक्षक म्हणून नेमून दिले. तेथे मेंडेल यांना आपले काम सापडले. ते विद्यार्थिप्रिय शिक्षक ठरले.

शिक्षक म्हणून कायम व्हावयाचे, तर परीक्षा देणे आवश्यक होते. १८५० साली मेंडेल त्या परीक्षेत नापास झाले. पुढे मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठविले. तेथे १८५१ ते १८५३ या काळात त्यांनी डॉप्लर यांच्याकडे भौतिकशास्त्राचे आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्राचे धडे घेतले. मोजमाप कसे करावे, निसर्गातील गोंधळामागे संख्यांचा नियम कसा शोधावा, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली. १८५६ साली ते पुन्हा परीक्षेस बसले. प्रकृती बिघडून ती परीक्षाही अपुरी राहिली. १८५४ पासून १८६८ पर्यंत, म्हणजे १४ वर्षे, त्यांनी ब्रुनच्या शाळेत बदली शिक्षक म्हणूनच अध्यापन केले. कायम शिक्षकाचा दाखला त्यांना कधीच मिळाला नाही. परीक्षेच्या निकालाने खचून गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

याच काळात मठाच्या भिंतीलगतच्या सुमारे ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद पट्टीत मेंडेल वाटाणा लावीत होते. वाटाण्याची निवड त्यांनी फार विचाराने केली होती. वाटाण्याच्या फुलात पुंकेसर व कुक्षी दोन्ही पाकळ्यांच्या आत झाकलेली असतात, त्यामुळे फूल आपल्याच परागाने फळते आणि वाण शुद्ध राहतो. संकर करावयाचा असल्यास फूल उमलण्यापूर्वीच कळी उघडून त्यातील पुंकेसर चिमट्याने काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या झाडाचे परागकण कुक्षीवर आणून ठेवावे लागतात. मेंडेल यांनी ३४ वाण मिळविले, दोन वर्षे लावून पाहिले आणि त्यांतील २२ प्रयोगासाठी निवडले. एकूण ७ गुण त्यांनी अभ्यासिले: दाण्याचा आकार, दाण्याच्या आतील रंग, शेंगेचा आकार, शेंगेचा रंग, फुलांची जागा, झाडाची उंची, आणि बीजावरणाच्या रंगासह येणारा फुलांचा रंग. प्रयोग १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे चालले. या काळात त्यांनी १० हजारांहून अधिक झाडे तपासली.

फुलांच्या रंगाचा प्रयोग येथे थोडा विस्ताराने सांगतो. मेंडेल यांनी जांभळ्या फुलांच्या वाटाण्याचा पांढऱ्या फुलांच्या वाटाण्याशी संकर केला. त्या काळी विद्वानांचाही असा समज होता, की आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे संततीत मिसळून जातात. तसे असते, तर फिकट जांभळी फुले आली असती. प्रत्यक्षात पहिल्या पिढीतील सारी झाडे जांभळ्याच फुलांची निघाली. पांढरा रंग जणू नाहीसा झाला. मेंडेल तेथे थांबले नाहीत. त्यांनी या झाडांना आपल्याच परागाने फळू दिले आणि त्यांचे दाणे पेरले. दुसऱ्या पिढीत ९२९ झाडे उभी राहिली. त्यांपैकी ७०५ झाडांना जांभळी फुले आली आणि २२४ झाडांना पांढरी. पांढरा रंग परत आला होता, आणि तोही साधारण ४ झाडांत १ या प्रमाणात. इतर सहा गुणांतही असेच ३ ला १ प्रमाण आढळले. पुढे त्यांनी दुसऱ्या पिढीतील रंगीत झाडांपैकी १०० झाडांची संतती वाढवून पाहिली. ३६ झाडांच्या संततीत केवळ रंगीतच झाडे निघाली. ६४ झाडांच्या संततीत काही पांढरी निघाली. बाहेरून सारखी दिसणारी ही शंभर झाडे आतून सारखी नव्हती.

यावरून मेंडेल यांनी काढलेला निष्कर्ष साधा आणि विलक्षण आहे. प्रत्येक गुणासाठी झाडाजवळ दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेला. हे घटक एकाच झाडात शेजारी शेजारी राहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. परागकण व बीजांड तयार होताना ते वेगळे होतात आणि प्रत्येकात दोहोंपैकी एकच जातो. या घटकांना आपण आज जनुके म्हणतो. हा शब्द मेंडेल यांचा नाही. मूळ जीन हा शब्द योहानसेन यांनी १९०९ साली रूढ केला.

येथे एका शब्दापाशी थांबणे आम्हांला अगत्याचे वाटते. संकर या शब्दाची आपल्या देशातील परंपरेने मोठी भीती घातली होती. वर्णसंकराने कुळे भ्रष्ट होतात, अशी शिकवण ज्या ग्रंथांनी दिली, त्यांतील मनुस्मृतीचे दहन याच आमच्या जिल्ह्यात, महाड येथे, २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले. मेंडेल यांच्या वाफ्यात पांढऱ्या रंगाचा घटक एक संपूर्ण पिढी जांभळ्या रंगाच्या घटकाशेजारी राहिला. त्याचा विटाळ जांभळ्याला झाला नाही, आणि जांभळ्याच्या सहवासाने तोही बाटला नाही. पुढच्या पिढीत तो जसा होता तसा बाहेर आला. निसर्गाच्या या पायरीवर शिवाशिव नाही. मेंडेल यांच्या मनात आपला समाज असण्याचे कारण नव्हते, परंतु त्यांच्या ९२९ झाडांनी दिलेली साक्ष आम्हांला महत्त्वाची वाटते.

मेंडेल यांनी पहिल्या पिढीत दिसणाऱ्या गुणास प्रभावी आणि लपून राहणाऱ्या गुणास अप्रभावी म्हटले. शाळेतील मुले या शब्दांचा अर्थ श्रेष्ठ आणि कनिष्ठ असा करून घेतात. तो अर्थ चुकीचा आहे, हे रंग कसा तयार होतो ते पाहिल्यावर ध्यानात येते. जांभळा, निळा, लाल अशा पुष्कळ फुलांचे रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे असतात. पाकळीच्या पेशीत ते टप्प्याटप्प्याने तयार होते. आपल्या खोपोलीच्या कोणत्याही कारखान्यात कच्चा माल एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो, तसेच हे आहे. पेशीतील प्रत्येक यंत्र म्हणजे एक विकर, आणि ते विकर घडविण्याची कृती एका जनुकात लिहिलेली असते. मधले एखादे यंत्र बंद पडले, की शेवटी रंग निघत नाही. याखेरीज काही जनुके स्वतः यंत्र घडवीत नाहीत; ती मुकादमाचे काम करतात. कोणत्या अवयवात, कोणत्या वेळी यंत्रे चालू करावयाची, याचा हुकूम त्यांच्याकडून सुटतो. मुकादमच कामावर आला नाही, तर यंत्रे धडधाकट असूनही कारखाना थंड राहतो.

मेंडेल यांच्या वाटाण्यात नेमके हेच घडले होते. पांढऱ्या फुलांच्या झाडात रंगाचे मुकादम-जनुक निकामी असते. हे जनुक २०१० साली शास्त्रज्ञांनी ओळखून काढले. त्याच्या हजारो अक्षरांच्या मजकुरात मोक्याच्या जागी एका अक्षराचा बदल झाल्यामुळे त्यापासून धड प्रथिन तयार होत नाही, असे त्यांना दिसले. दोन प्रतींपैकी एक जरी चांगली असली, तरी मुकादमाचे काम चालते आणि फूल जांभळे होते. प्रभावी या शब्दाचा अर्थ या ठिकाणी एवढाच. मेंडेल यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती. ज्या वाटाण्याची फुले जांभळी, त्याचे बीजावरण करडे-तपकिरी असते आणि पानाच्या बगलेत तांबूस डाग असतो. ज्याची फुले पांढरी, त्याचे बीजावरणही पांढरे आणि डागही नाही. तीन ठिकाणचे रंग एकदमच येतात आणि एकदमच जातात, कारण तिन्ही ठिकाणी हुकूम सोडणारा मुकादम एकच आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका शिक्षकाच्या नजरेस पडलेल्या गोष्टीचे कारण असे आपल्या हयातीत उलगडले.

हा विषय युरोपातील बागांपुरता नाही. आपल्या कोकणात लाल तांदळाचे जुने वाण आहेत. तांदळाच्या दाण्यावरील लाल थर ज्या जनुकामुळे येतो, ते वाटाण्याच्या त्या मुकादमाच्याच घराण्यातील आहे. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या बहुतेक पांढऱ्या तांदळात त्या जनुकातील १४ अक्षरे गळालेली आहेत. शेतकऱ्यांनी तो पांढरा दाणा पसंत केला, जपला आणि पसरविला. पांढरे ते उच्च आणि रंगीत ते हलके, अशी समजूत आपल्या मनांत फार खोल रुजली आहे. ती तांदळालाही लागू करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की पांढरेपणा हा येथे गळालेल्या अक्षरांचा परिणाम आहे. त्यात मोठेपणा नाही आणि कमीपणाही नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात सह्याद्री या नावाने भाताचे संकरित वाण तयार झाले, ते ज्या विद्येच्या बळावर, तिचा पाया मेंडेल यांच्या वाटाण्यानेच घातला आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या पालकांपैकी कित्येक जण तेथील बियाणे पेरतात.

मेंडेल यांनी आपले निष्कर्ष ब्रुनच्या निसर्गविज्ञान मंडळात ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ या दोन दिवशी वाचून दाखविले. पुढच्या वर्षी ते मंडळाच्या वार्षिकात छापून आले. या निबंधात घेवड्याच्या फुलांचाही एक प्रयोग आहे. पांढऱ्या फुलांच्या घेवड्याचा तांबड्या फुलांच्या जातीशी संकर केला असता पुढील पिढीत जांभळ्यापासून फिकट रंगापर्यंत अनेक छटा आल्या आणि ३१ झाडांत एकच पांढरे निघाले. ३ ला १ हे प्रमाण येथे मोडले होते. मेंडेल यांनी ही अडचण लपविली नाही. फुलाचा रंग एकाच घटकाने ठरत नसून दोन किंवा अधिक स्वतंत्र घटक मिळून ठरवीत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. तो बरोबर होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिज येथे बेटसन व पनेट यांनी गोड वाटाण्याच्या दोन पांढऱ्या फुलांच्या वाणांचा संकर केला, तेव्हा संतती जांभळ्या फुलांची निघाली. दोघांत दोन निराळे घटक निकामी होते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. फुलांच्या रंगांच्या या अभ्यासात केंब्रिजच्या म्युरिएल व्हेल्डेल या विदुषींनी मोठे काम केले. अँथोसायनिन रंगद्रव्यांवरील त्यांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. ज्या विद्यापीठात त्यांनी हे कार्य केले, तेथे १९४८ पर्यंत स्त्रियांना पूर्ण पदवी मिळत नव्हती. जन्मावरून दारे बंद करण्याची रीत केवळ आपल्याच देशातील नव्हे.

१८६५ च्या त्या सभेत मेंडेल यांचे म्हणणे ऐकले गेले, पण समजले नाही. त्यांनी निबंधाच्या ४० प्रती काढून घेतल्या व काही विद्वानांकडे पाठविल्या. म्यूनिकचे प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्यातून मेंडेल यांनी हॉकवीड या दुसऱ्या वनस्पतीवर प्रयोग हाती घेतले. दुर्दैवाने त्या वनस्पतीत पुष्कळदा परागाविनाच बी धरते, ही गोष्ट तेव्हा कोणास ठाऊक नव्हती. मेंडेल यांना तेथे आपला नियम दिसेना. वर्षानुवर्षे त्या बारीक फुलांवर काम करून त्यांचे डोळे मात्र शिणले.

१८६८ साली नाप यांच्या निधनानंतर मेंडेल यांची मठाधिपती म्हणून निवड झाली. वेठबिगार शेतकऱ्याचा मुलगा एका मोठ्या संस्थेचा प्रमुख झाला. त्यांनी जन्मगावी अग्निशामक दलासाठी देणगी दिली, मधमाश्या पाळल्या, हवामानाच्या नोंदी शेवटपर्यंत ठेवल्या. परंतु १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसविला आणि मेंडेल यांनी तो अन्याय्य ठरवून भरण्यास नकार दिला. हा झगडा दहा वर्षे चालला व त्यात त्यांची शक्ती खर्ची पडली. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेस शहरातील गरीब लोक मोठ्या संख्येने आले होते. आपण ज्यांना निरोप देत आहोत, त्यांच्या नावाने एक शास्त्र उभे राहणार आहे, याची त्यांतील कोणालाही कल्पना नव्हती.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून एका गोष्टीची खंत नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. मेंडेल यांच्या मृत्यूनंतर त्यांचे बहुतेक कागदपत्र मठातच जाळण्यात आले. १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी मेंडेल यांचे आकडे अपेक्षित प्रमाणाच्या अतिशयच जवळ जातात असा आक्षेप घेतला. त्यावर पुष्कळ वाद झाला. मूळ वह्या असत्या, तर तो वाद सहज मिटला असता. नियम मात्र खरा ठरला आहे, कारण तो कोणालाही पुन्हा पडताळून पाहता येतो. १९०० साली द व्हरीस, कॉरेन्स आणि चेर्माक या तीन संशोधकांनी आपापल्या प्रयोगांतून तोच नियम मांडला आणि ३४ वर्षे धूळ खात पडलेला निबंध जगापुढे आला. आपल्या समाजातील जुनी पत्रे, हस्तलिखिते, सभांचे वृत्तांत ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ते जपावेत, ही विनंती या निमित्ताने करतो.

मेंडेल यांच्या नियमाला दुसऱ्यांदा अन्याय सोसावा लागला, तो त्याच्या प्रसिद्धीनंतर. माणसाची बुद्धी, चारित्र्य, दारिद्र्य हीसुद्धा वाटाण्याच्या रंगासारखी एकेका घटकाने ठरतात, असे सांगणारी एक चळवळ युरोप-अमेरिकेत फोफावली. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, जर्मनीत १९३३ साली नाझी राजवटीने तसाच कायदा केला. आपल्याकडेही जातिव्यवस्था म्हणजे वंशशुद्धी राखण्याची शास्त्रीय योजना होती, असे समर्थन पुढे आले. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनासंबंधीच्या आपल्या प्रसिद्ध भाषणात हे समर्थन युक्तिवादाने खोडून काढले. हे भाषण त्यांना प्रत्यक्ष करू दिले गेले नाही, म्हणून त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. जात हा वंशभेद नव्हे, हे त्यांचे प्रतिपादन होते.

फुलाचा रंग ही निसर्गातील त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. तीसुद्धा एकट्या बीजाची नसते. हायड्रेंजिया या बागेतील झाडाची फुले आम्लयुक्त जमिनीत निळी आणि तशी नसलेल्या जमिनीत गुलाबी होतात. झाड तेच, जनुके तीच. ऊन व गारठा यांनीही अँथोसायनिन कमी-अधिक होते. एका पाकळीच्या रंगासाठी इतकी यंत्रे, मुकादम, माती आणि ऊन लागत असता, एका मुलाची बुद्धी त्याच्या आडनावावरून ओळखू पाहणारा मनुष्य शास्त्र बोलत नसतो.

तथागतांनी वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांना केलेला उपदेश सुत्तनिपातात आहे. गवत, वृक्ष, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जन्मजात निराळी चिन्हे दिसतात, तशी माणसामाणसांत दिसत नाहीत. माणूस आपल्या कर्माने घडतो, असा त्याचा आशय आहे. अडीच हजार वर्षांच्या अंतराने एका ख्रिस्ती मठातील शिक्षकाने झाडांच्या चिन्हांचा हिशेब मांडला, आणि तो हिशेब या उपदेशाच्या आड येत नाही, हे आम्हांला समाधानाचे वाटते.

आता त्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. बाळा, बीजात पुष्कळ काही असते. तुझ्या डोळ्यांचा रंग, केसांची ठेवण यांचा मोठा भाग तुला आईबापांकडून आला आहे. परंतु गणिताच्या पेपरातील गुण त्यात लिहिलेले नाहीत. कोणी तुला तसे सांगू लागले, तर ज्यांनी बीजाचा नियम शोधला, ते स्वतः वेठबिगाराचे पुत्र होते, अर्धपोटी शिकले होते आणि शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाले होते, एवढे त्याला सांग. येत्या पावसाळ्यात कुंपणावरील निळ्या आणि पांढऱ्या गोकर्णाच्या शेंगा वेगवेगळ्या पुड्यांत जमव. पुड्यांवर तारीख आणि रंग लिही. पुढच्या वर्षी आपण त्या वेगळ्या वाफ्यांत पेरू आणि किती निळी आली, किती पांढरी आली, ते मोजू. वही मात्र जपून ठेव.